गाडी पाडायचं काम

पक्केराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वेल्डिंगच्या दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला "काम पक्कं होईल, काळजी सोडा" असं सांगून सांगून ते नाव त्यांना चिकटलं, आणि त्यांनी स्वतः चिकटवलेल्या कुठल्याही वस्तूसारखं ते पुन्हा सुटलं नाही. फाटक करून घ्यावं तर त्यांच्याकडून. त्यांच्या एका फाटकावर मागे ट्रक आदळला होता, तर दुरुस्तीला ट्रक न्यावा लागला. घरातही तोच प्रकार. कपडे वाळत घालायची घोडी त्यांनी अशी दणकट केली होती की ती हलवायला दोन माणसं लागत. त्यामुळे घोडी कायम अंगणाच्या एकाच कोपऱ्यात उभी असे आणि ऊन सवडीने तिच्याकडे येई.

त्यांची बायको आरोग्य केंद्रात नर्स. तिला सगळं गाव सिस्टर म्हणायचं. नणंदा म्हणायच्या, दूधवाला म्हणायचा, आणि लोकांपुढे बोलताना पक्केरावही "आमच्या सिस्टर" असंच म्हणत. घरात मात्र "अगं". गावामागच्या डोंगरात वस्त्या होत्या, चार घरं इथे तर पाच घरं पलीकडच्या धारेवर. जीप पायथ्याला थांबायची. तिथून पुढे लसींची पेटी खांद्याला लावून सिस्टर वर्षानुवर्षं चालत गेल्या. आता गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि सिस्टरांच्या गुडघ्यांची कुरकुर केंद्रापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. केंद्राने दोन वाटा ठेवल्या. एक म्हणजे खालीच खुर्चीत बसून नोंदी करायच्या. दुसरी म्हणजे केंद्राला नुकतीच मिळालेली मोटरसायकल घ्यायची. डांबरावर धावेल आणि दगडांवरही चढेल अशी उंच, लांब पायांची गाडी.

"मोटरसायकल," सिस्टर म्हणाल्या. समोरच्याचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.

पक्केरावांनी घरी "या वयात?" एवढंच विचारलं, आणि "वय माझं आहे ना, मग मी बघते" एवढंच उत्तर मिळालं. धाकट्या भावाच्या गाड्या सिस्टर पूर्वीपासूनच उडवत आल्या होत्या. चालवता येण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता केंद्राच्या डॉक्टरीणबाईंच्या अटीचा. सिस्टरांनी एकटीने दगडी वाटेने पहिल्या वस्तीपर्यंत जाऊन परत यायचं, आणि गाडी पडली तर तीही एकटीनेच उचलायची.

"वर हाकेला ओ द्यायला कोणी नसतं," बाईंनी बजावलं होतं. "पडलेली गाडी ज्याला उचलता येत नाही, त्याला मी ती वर नेऊ देणार नाही. मदतीला माणूस गेला की परीक्षा संपली. मग गाडी दुसऱ्या केंद्राला आणि सिस्टर खुर्चीत."

खुर्चीचं नाव निघालं की सिस्टरांचा चेहरा कडू औषध प्याल्यासारखा होई. "अहो, मी खाली बसून नावं लिहीनही," त्या म्हणायच्या, "पण ती माणसं खाली येणारच नाहीत. मी जाते म्हणून त्यांच्या पोरांना सुया मिळतात. त्यातली निम्मी पोरं माझ्या हातात जन्मलीत. त्यांना काय सांगू, सिस्टर आता खुर्चीत बसते म्हणून?"



दुकानामागे एक बंद पडलेली दगडखाण होती. तिथे सराव सुरू झाला आणि पहिल्याच संध्याकाळी सिस्टर पडल्या. वेग काही नव्हता. वळताना पुढचं चाक खडीत रुतलं आणि गाडी सावकाश आडवी झाली. क्लचची लिव्हर मोडली, इंडिकेटर वायरीला लोंबकळायला लागला. पक्केराव धावत पोचले ते थेट गाडीपाशी.

"फार लागलं का गं गाडीला?"

"गाडी बरी आहे," कोपराची माती झटकत सिस्टर म्हणाल्या. "आणि मीही बरी आहे, विचारलंत म्हणून सांगते."

आता यात पक्केरावांचा दोष म्हणावा तर आहे, म्हणावा तर नाही. त्यांच्या काळजाचा ठोका चुकला होता तो बायको पडली म्हणून. पण त्यांच्या तोंडाला सवय होती नट, बोल्ट आणि पाइपांची. माया भरपूर होती, पण बाहेर येताना तिला लोखंडातूनच यावं लागे. गाडी सांभाळली की बायको सांभाळली जाईल असा हिशेब त्यांनी मनाशी मांडला आणि गाडी दुकानात घेतली.

मग काही दिवस दुकानातून नुसत्या ठिणग्या उडत होत्या. फाटकाच्या उभ्या खांबाला वापरतात त्या पाइपचा इंजिनाभोवती पिंजरा झाला. इंजिनाखाली जाड लोखंडी प्लेट आली. हातांपुढे सळया वाकवून कडी केली. सायलेन्सरला जाळी, मागे लसींच्या पेटीसाठी लोखंडी अँगलची चौकट. रेडिएटरपुढच्या जाळीत तर त्यांनी एक फूलसुद्धा बसवलं. शाळेच्या फाटकावर होतं तसंच, कारण फूल म्हटलं की त्यांच्या हाताला तेवढं एकच येत असे. वर हिरवा रंग दिला. फाटकाचाच उरला होता.

"आता पाड कशीही," ते छाती काढून म्हणाले.

सिस्टर गाडीभोवती फिरल्या. फुलावरून बोट फिरवलं आणि हसल्या. नवऱ्याने एवढं मन लावून काही केलं की त्यांना नाही म्हणवत नसे. ही त्यांची जुनी खोड.

तेवढ्यात सिस्टरांचा धाकटा भाऊ आला. त्याचं दुचाकींचं गॅरेज होतं, आणि दाजींची टोपी उडवायची एकही संधी तो वाया घालवत नसे.

"दाजी, याला हँडल कशाला ठेवलंत? कडी-कोयंडा बसवा. कुलूप मी आणतो."

"तू तुझ्या पंक्चरांचं बघ," पक्केराव गुरगुरले.

"ताई, नाकापेक्षा मोती जड झाला गं हा," असं म्हणून धाकट्याने गाडी थोडी हलवून पाहिली आणि तो हसायचा थांबला. पण दाजींचा चेहरा बघून पुढे काही न बोलता निघून गेला.

त्या संध्याकाळी गाडी आत घेताना पक्केराव तिला स्टँडवर ओढायला गेले आणि कमरेत कळ आली. दिवसभर लोखंड उचलणारा माणूस, पण त्याचेही हात भरून आले. तेव्हाच त्यांना कळलं. ही गाडी आडवी झाली तर हिला उठवता येणार नाही. आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला. मग राहील घरी. डोंगर नको, दगड नको, रोजचा जिवाला घोर नको. आपण नाही म्हटलं नाही आणि ती गेलीही नाही. सुंठीवाचून खोकला जाईल. पक्केरावांनी हात धुतले, जेवायला बसले आणि यातलं अवाक्षर बायकोला बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी खाणीत गाडी पुन्हा पडली. धाडकन पडली. धूळ बसल्यावर पाहिलं तर लिव्हर शाबूत, इंडिकेटर शाबूत, टाकीवर साधा ओरखडा नाही.

"बघ!" पक्केराव ओरडले. "आहे का काही?"

सिस्टरांनी हँडल धरलं आणि जोर लावला. गाडी हलली नाही. त्यांनी बाजू बदलली, पाय रोवले, दात आवळले. गाडी गुडघ्याइतकी वर आली आणि पुन्हा पिंजऱ्यासकट खाली बसली. पक्केराव पुढे झाले.

"हात लावू नका," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी आणखी प्रयत्न केले. मग धापा टाकत एका दगडावर बसल्या. कपाळावरचे केस घामाने चिकटले होते. पडल्यावर जी बाई कपडे झटकून हसते, तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं पक्केरावांनी पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?" सिस्टरांनी विचारलं. "एवढी जड झालीय ते?"

खोटं बोलायला वेळ होता, पण पक्केरावांना ते काम कधी पक्कं जमलं नव्हतं. "काल स्टँडवर घेताना कळलं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

पक्केराव पायाने खडी उकरत राहिले. "वाटलं, नाही उचलता आली तर राहशील घरी."

सिस्टर उठल्या. "अहो, भीक नको पण कुत्रा आवर म्हणतात ना, तसं झालंय माझं. माया नको पण पाइप आवरा! तुम्हाला भीती वाटते तर तोंडाने सांगा. मी ऐकेन, भांडेन, नाहीतर जवळ बसून समजूत घालेन. पण अशी लोखंडात कोंडू नका मला. मी फाटकामागे ठेवायची वस्तू आहे का?"

"भीती वाटते," पक्केराव म्हणाले. लग्नाला एवढी वर्षं झाली होती, पण हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले. "फार वाटते. तू पडलीस की मला काही सुचत नाही."

सिस्टरांचा राग गेला नव्हता, पण त्याचा आवाज खाली आला होता. "मलाही वाटते," त्या म्हणाल्या. "चला, धरा दुसऱ्या बाजूने. घरी नेऊ या हिला."

उजेड होता तोवरच पक्केरावांनी ग्राइंडर चालू केला आणि आपल्याच हाताचं पक्कं काम कापायला घेतलं. पिंजरा गेला, प्लेट गेली, फूल गेलं. मग त्यांनी अभिमान गिळला आणि मेव्हण्याला बोलावून घेतलं. धाकटा शहाणा. या खेपेला तो एकदाही हसला नाही. इंजिनाखाली ॲल्युमिनियमची हलकी प्लेट बसवायची, कडा वर वळवायच्या म्हणजे दगडावरून घसरेल. इंजिनाच्या दोन बाजूंना बारीक गार्ड पुरे. हातांपुढे एकच पट्टी. आरसे घडी घालून ठेवायचे. आणि लिव्हर हँडलला घट्ट आवळायच्या नाहीत.

"म्हणजे?" पक्केरावांनी पाना हातात धरून विचारलं.

"म्हणजे चालवताना हलणार नाहीत, पण दगड लागला तर जागच्या जागी फिरतील, एवढ्याच आवळायच्या. घट्ट असली की मोडते, दाजी. फिरली की वाचते. मग हाताने फिरवून जागेवर आणायची."

पक्केरावांनी बोल्ट फिरवायला घेतला. हात थांबेना. उभ्या आयुष्यात एकही बोल्ट त्यांनी अर्धवट सोडला नव्हता. शेवटी सिस्टरांनी त्यांच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. "बास," त्या म्हणाल्या. पक्केरावांनी पाना खाली ठेवला आणि बोल्टकडे पाहायचं टाळलं.

गाडी हलकी झाली, पण उचलायची सवय व्हायला हवी होती, आणि सवय व्हायला गाडी पडायला हवी होती. आपसूक पडायची वाट बघत बसलं तर परीक्षा निघून जायची. सिस्टरांनी तोड काढली.

"रोज संध्याकाळी तुम्ही गाडी पाडायची. मी उचलायची."

"मी?" पक्केरावांनी छातीवर हात ठेवला. "मी पाडू?"

"मग काय शेजाऱ्यांना बोलावू?"

पहिल्या दिवशी त्यांनी सीटखाली हात घालून गाडी अशी हळुवार खडीवर टेकवली की सिस्टर कमरेवर हात ठेवून बघतच राहिल्या. "अहो, निजवताय काय तिला? अंगाईपण म्हणा. पाडा!" पक्केरावांनी डोळे मिटले आणि ढकलली. आवाज झाला तसं त्यांच्याच तोंडून "आई गं" निघालं.

पुढे ते रोजचंच काम झालं. कधी डाव्या अंगावर, कधी उजव्या, कधी चढावर, कधी मुद्दाम खड्ड्यात. दुकान बंद करून पक्केराव गाडी पाडायला निघाले की लोक विचारायचे, "काय हो, घरात भांडण का?" ते म्हणायचे, "नाही, मदत करतोय," आणि लोक आणखीच बुचकळ्यात पडायचे. सिस्टर आधी हँडल एका अंगाला पूर्ण वळवायला शिकल्या. मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकायचं, गुडघे वाकवायचे आणि पाय मागे सरकवत उठायचं. जोर हातांनी लावायचा नाही, पायांनी लावायचा. डोंगर चढून घडलेले पाय होते ते. कुरकुर करत, पण उठायचे. सराव संपला की पक्केराव त्यांच्या पाठीला शेक देत आणि आज किती वाईट पाडली ते कौतुकाने सांगत. पडतानाचे आवाजही त्यांना ओळखू यायला लागले. चाक जमिनीवरून सुटलं की इंजिन एकदम किंचाळतं आणि मग गप्प होतं. झोपेतही तो आवाज त्यांनी ओळखला असता.

परीक्षेच्या दिवशी सकाळी केंद्रामागच्या मैदानात डॉक्टरीणबाई, जीपचा ड्रायव्हर आणि पक्केराव असे तिघेच होते. बाईंनी आधी सपाटीवर गाडी आडवी करायला लावली. सिस्टरांनी ती डावीकडून उचलली, मग उजवीकडून उचलली. बाईंनी मान डोलावली. लसींची पेटी मागे बांधून झाल्यावर त्यांनी सिस्टरांच्या गळ्यात एक शिट्टी अडकवली.

"लागलं तर वाजवा. मग परीक्षेचा विचार करायचा नाही. नाहीतर वस्तीवर जाऊन परत या."

सिस्टरांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं. पक्केरावांना बरंच काही सांगायचं होतं. ते "जा" एवढंच म्हणाले. गाडी मैदान ओलांडून वाटेला लागली, पहिल्या वळणावर झाडांआड गेली, आणि मग नुसता आवाज उरला. आवाज चढत होता, थबकत होता, पुन्हा चढत होता. पक्केराव मान वर करून तो ऐकत होते.

आणि इंजिन किंचाळलं. मग काहीच नाही.

"बंद केली वाटतं," बाई म्हणाल्या.

"नाही," पक्केराव म्हणाले. "पडली."

सगळे शिट्टीची वाट बघत राहिले. शिट्टी वाजली नाही. वरून एक पक्षी ओरडला आणि तोही थांबला. पायथ्यापर्यंत जीप नेऊ का, असं विचारत ड्रायव्हरने हातातली किल्ली बाईंना दाखवली. बाईंचा कडकपणा आता चेहऱ्यावरून उतरला होता.

"माणूस पाठवते," त्या म्हणाल्या. "परीक्षा गेली खड्ड्यात. त्यांना लागलं असेल तर?" मग ड्रायव्हरला हाक मारता मारता थांबल्या आणि पक्केरावांकडे वळल्या. "तुम्ही नवरा आहात त्यांचे. सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू."

पक्केरावांचे पाय कधीच दोन पावलं पुढे गेले होते. पाय पेटीखाली अडकला असेल. डोकं दगडावर आपटलं असेल, मग शिट्टी कोण वाजवणार? नुसतं "जा" म्हणायचं होतं आणि ड्रायव्हर धावला असता. कोणी नावं ठेवली नसती. सिस्टरांनीही ठेवली नसती. उद्यापासून त्या खुर्चीत बसल्या असत्या, वेळेवर घरी आल्या असत्या, आणि वरची पोरं वाट बघत राहिली असती. जी गोष्ट त्यांना मनातून हवी होती, ती कोणीतरी त्यांच्या हातात आणून ठेवली होती. आणि ती आता नको झाली होती. त्यांना बायको घरात नको होती. ती वर हवी होती, आत्ता, त्या उतारावर, गाडीला पाठ लावून गुडघे वाकवताना.

"थांबू या," ते म्हणाले. "लागलं असतं तर वाजवली असती तिने. ती उचलतेय."

"नक्की?"

"चढावर पडली की आधी पेटी सोडावी लागते. मग हँडल वळवायचं. मग पाठ टेकायची. वेळ लागतो, बाई. थांबू या."

नक्की काहीच नव्हतं. पक्केरावांना आयुष्यात पहिल्यांदा एवढं कच्चं काहीतरी कोणाला सांगावं लागत होतं. त्यांनी जीपच्या दाराला घट्ट धरलं आणि वर, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे बघत राहिले. मनात ते एकेक गोष्ट करत होते. पेटी सुटली. हँडल वळलं. पाठ टेकली. उठ. नाही जमलं? पाय सरकला? असू दे, पुन्हा. उठ गं बाई. उठ.

बाईंनी ड्रायव्हरच्या दंडावर हात ठेवून त्याला थोपवून धरलं होतं.

वरून एक खोकल्यासारखा आवाज आला आणि विरला. पुन्हा आला. मग इंजिन सुरू झालं, जरा घुटमळलं आणि चढायला लागलं. आवाज दुसऱ्या वळणावर गेला, तिसऱ्या वळणावर बारीक झाला, आणि वस्तीच्या बाजूला कुठेतरी नाहीसा झाला.

ड्रायव्हरने किल्ली खिशात टाकली. पक्केराव जीपच्या पायरीवर बसले. त्यांना तहान लागली होती. त्यांनी पाण्याची बाटली उघडायला घेतली, पण बोल्ट फिरवणाऱ्या त्या हातांना झाकण फिरवता येईना. डॉक्टरीणबाईंनी बाटली त्यांच्या हातातून घेतली, उघडली आणि परत दिली.

"प्या," त्या म्हणाल्या. "परत यायला वेळ आहे अजून. वरची माणसं त्यांना लवकर सोडत नाहीत."